‘वीस तारखेपर्यंत’चं इंग्रजी: डिस्पॅचच्या टेबलावरचं एक प्रकरण

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एक मध्यम आकाराची फाउंड्री आहे. पंपांची केसिंग आणि व्हॉल्व्ह बॉडी ओतायच्या, मशिनिंग करून द्यायच्या, असं काम. मालाचा काही भाग परदेशात जातो. एका फेब्रुवारीच्या अखेरीस इथल्या डिस्पॅचच्या टेबलावरून इंग्लंडमधल्या एका नव्या ग्राहकाला मेल गेला. त्यातलं एक वाक्य असं होतं: ‘द मटेरियल विल बी रेडी टिल ट्वेंटिएथ मार्च.’

लिहिणाऱ्याच्या मनातलं वाक्य होतं, ‘माल वीस मार्चपर्यंत तयार होईल.’ वाचणाऱ्याने वाचलं ते असं: माल वीस मार्चपर्यंत तयार राहील, म्हणजे त्याआधी येऊन उचला.

सौदा एक्स वर्क्स होता. या पद्धतीत विकणाऱ्याने माल आपल्या कारखान्यात तयार ठेवायचा आणि गाडी घेणाऱ्याने पाठवायची. ग्राहकाने आपल्या फॉरवर्डरला, म्हणजे माल पोचवण्याची व्यवस्था करणाऱ्या कंपनीला, कळवलं, न्हावा शेवाहून सुटणाऱ्या जहाजावर जागा धरली, आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात रिकामा कंटेनर घेऊन ट्रेलर गेटवर हजर झाला. त्या वेळी निम्मी केसिंग मशिन शॉपमध्ये होती, काहींचं तर फेटलिंगही, म्हणजे ओतलेल्या तुकड्याची साफसफाईही, व्हायची होती. ट्रेलर थांबला, मग रिकामा परत गेला. जहाजावरची जागा गेली. थोड्याच दिवसांत फॉरवर्डरचं बिल ग्राहकाकडे आलं आणि ग्राहकाने ते फाउंड्रीकडे ढकललं.

मालक संतापले होते. वीस तारीख स्पष्ट लिहिलेली असताना हा माणूस नऊ-दहा दिवस आधी गाडी पाठवतो आणि वर बिलही मागतो, हा त्यांना सरळ लबाडपणा वाटला. तिकडे ग्राहकाला वाटलं की हे लोक दिलेला शब्द फिरवतायत. दोन्ही बाजूंनी पुरावा म्हणून पुढे केला तो एकच मेल, त्यातलं तेच एक वाक्य. शेवटी बिल निम्मं-निम्मं वाटून घेतलं गेलं. त्यानंतर मालकांनी मला बोलावलं. त्यांची मागणी थोडक्यात होती: ‘मॅडम, पोरांचं इंग्रजी सुधारून द्या.’

मी कारखान्यांमध्ये आणि कार्यालयांत व्यवहाराचं इंग्रजी लिहायला शिकवते. ‘इंग्रजी सुधारा’ ही मागणी नेहमीचीच. या प्रकरणात मात्र सुधारायचं नेमकं काय, हे शोधण्यातच खरं काम होतं, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

टेबलावरची दोन माणसं

डिस्पॅचला दोघं बसतात. एक पन्नाशीपुढचे, सगळे त्यांना काका म्हणतात. दुसरा पंचविशीतला मुलगा. दोघेही मराठी माध्यमाचे. काकांना शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. मुलगा शाळेत गेला तोवर राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलेलं होतं. तो बदल २००० सालचा. ते वाक्य मुलाने लिहिलं होतं आणि पाठवण्याआधी काकांनी वाचलं होतं. इंग्रजीची चार जादा वर्षं मिळालेला आणि न मिळालेला, दोघांच्याही नजरेतून ते सुटलं.

मी वाक्य पुढे ठेवलं तेव्हा काका म्हणाले, ‘वाक्य तर बरोबर हाय की, मॅडम.’

काका खरं बोलत होते. वाक्यात व्याकरणाची चूक नाही. संगणकातल्या शुद्धलेखन तपासनिसाने त्याखाली रेघ मारली नव्हती, आणि मारणारही नव्हता. ते वाक्य बरोबरच आहे, फक्त ते वेगळ्या गोष्टीबद्दल बोलतं. या प्रकरणातली सगळ्यात अवघड गाठ इथेच होती, आणि आपल्याकडे इंग्रजी शिकवताना याच जागेकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, असं माझं ठाम मत आहे.

‘पर्यंत’मध्ये काय होतं

मराठीत ‘पर्यंत’ दोन कामं करतं. ‘काम वीस तारखेपर्यंत होईल’ यात वीस तारीख ही शेवटची मर्यादा आहे, काम तिच्या आत कधीही होऊ शकतं. ‘दुकान वीस तारखेपर्यंत बंद राहील’ यात बंद असणं ही स्थिती आजपासून वीसपर्यंत सलग चालू आहे. शब्द तोच, तरी मराठी माणसाचा कधी घोटाळा होत नाही, कारण फरक क्रियापद सांगतं. ‘होईल’ म्हटलं की घटना, ‘राहील’ म्हटलं की स्थिती.

इंग्रजीत ही जबाबदारी नामाआधी येणाऱ्या छोट्या शब्दावर असते. घटनेची मर्यादा सांगायची तर ‘बाय ट्वेंटिएथ मार्च’, स्थिती कुठवर चालेल ते सांगायचं तर ‘टिल’ किंवा ‘अन्टिल ट्वेंटिएथ मार्च’. आणि ‘विल बी रेडी’ या क्रियापदात ‘तयार होईल’ आणि ‘तयार राहील’ हे दोन्ही अर्थ बसतात. म्हणजे मराठीत जो भार क्रियापदाने उचलला होता, तो इंग्रजीत गेल्यावर एकट्या ‘टिल’वर आला. शाळेत ‘पर्यंत म्हणजे टिल’ एवढंच पाठ झालेलं असतं. मुलाने तेच वापरलं, आणि क्रियापद त्याच्या मदतीला येऊ शकलं नाही.

मला एक प्रश्न छळत होता. हे टेबल कित्येक वर्षं निर्यातीचे मेल लिहितंय, मग हे आजवर उघड कसं झालं नाही? जुने मेल चाळले तेव्हा अंदाज आला. याआधीचा मुख्य ग्राहक जर्मनीतला होता आणि त्याला अशीच वाक्यं सर्रास गेली होती. जर्मन भाषेत ‘बिस’ हा एकच शब्द या दोन्ही अर्थांना चालतो, अगदी आपल्या ‘पर्यंत’सारखा. जर्मन माणूसही इंग्रजी लिहिताना ‘बाय’ आणि ‘अन्टिल’मध्ये गोंधळतो, ही तिथल्या इंग्रजीच्या शिक्षकांची नेहमीची डोकेदुखी आहे. इकडून ‘पर्यंत’ मनात धरून ‘टिल’ लिहिलं जायचं, तिकडे ते बहुधा ‘बिस’ मनात धरून वाचलं जायचं, आणि अर्थ बरोबर पोचायचा. जन्मापासून इंग्रजी बोलणारा पहिला ग्राहक आला आणि त्याने जे लिहिलं होतं तेच वाचलं.

हे सांगितल्यावर मुलाच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला. तोवर तो स्वतःला बिनडोक समजत होता. त्याचं डोकं उत्तम चालतं. त्याला जोड्या चुकीच्या शिकवल्या गेल्या होत्या.

पाठवलेल्या मेलची दोन गठ्ठ्यांत वाटणी

त्यानंतर मी टेबलावरून गेलेले जुने मेल मागून घेतले आणि त्यांतली असे छोटे शब्द असलेली वाक्यं वेगळी काढली. ती दोन गठ्ठ्यांत लावली. पहिल्यात कानाला खटकणारी, पण अर्थ न बिघडवणारी. दुसऱ्यात अर्थ फिरवणारी.

पहिला गठ्ठा जाडजूड निघाला. ‘डिस्कस अबाउट’, ‘रिक्वेस्ट फॉर टू सेंड’, ‘फ्रॉम लास्ट टू डेज’, ‘डिस्पाइट ऑफ’, ‘रीच टू पोर्ट’. शाळेत लाल शाईने गोल होतात त्या सगळ्या इथे हजर होत्या. ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ लागत नाही, ‘दोन दिवसांपासून’साठी ‘फॉर टू डेज’ हवं, ‘डिस्पाइट’ला ‘ऑफ’ नको आणि ‘इन स्पाइट’ला हवंच. हे शिकावं, मीही शिकवते. पण या गठ्ठ्यातल्या एकाही वाक्यामुळे कुणाची गाडी चुकीच्या दिवशी येणार नव्हती. वेळ थोडा असेल तर इथून सुरुवात करू नये.

दुसऱ्या गठ्ठ्यात वाक्यं कमी होती, आणि जवळपास सगळी व्याकरणाने निर्दोष होती.

त्यातलं पहिलं: ‘वुई विल सेंड द ड्रॉइंग इन टू वीक्स.’ मनात होतं ‘दोन आठवड्यांत पाठवतो’, म्हणजे त्या मुदतीत कधीही, कदाचित उद्याही. पुढे काय होणार हे सांगताना इंग्रजीत ‘इन टू वीक्स’चा सरळ अर्थ लागतो तो ‘दोन आठवड्यांनी’. मुदतीच्या आत म्हणायचं असेल तर ‘विदिन टू वीक्स’. गंमत अशी की मराठीला हा फरक चोख माहीत आहे: ‘दोन आठवड्यांत’ आणि ‘दोन आठवड्यांनी’ यांत आपण कधी गल्लत करत नाही. गल्लत होते ती ‘त म्हणजे इन’ हे पाठ असल्यामुळे. झालेल्या कामाबद्दल मात्र ‘इन’ ठीक चालतं. ‘वुई फिनिश्ड इट इन टू वीक्स’ म्हणजे दोन आठवड्यांत संपवलं. हा अपवाद सांगितला नाही तर शिकणारा सगळीकडेच ‘विदिन’ घालत सुटतो.

दुसरं वाक्य माझ्या मते सगळ्यांत धोक्याचं होतं. ग्राहकाच्या गुणवत्ता विभागाला लिहिलेलं: ‘रिजेक्शन हॅज बीन रिड्यूस्ड टू थ्री परसेंट.’ सांगायचं होतं की रिजेक्शन, म्हणजे नाकारल्या जाणाऱ्या मालाचं प्रमाण, ३ टक्क्यांनी कमी झालं. लिहिलं गेलं की ते ३ टक्क्यांवर आलं. पहिल्यासाठी ‘बाय’, दुसऱ्यासाठी ‘टू’. समजा मूळ रिजेक्शन ९ टक्के आहे. एका वाक्याने ते ६ होतं, दुसऱ्याने ३. ग्राहक पुढे ऑडिटला आला की हाच मेल घेऊन उभा राहील. इथेही मराठीत ‘टक्क्यांनी’ आणि ‘टक्क्यांवर’ असे दोन वेगळे प्रत्यय तयार आहेत. आधी मनातल्या मराठीकडे नीट बघितलं की इंग्रजी आपोआप सुटतं: ‘नी’ला ‘बाय’, ‘वर आलं’ला ‘टू’.

तिसरं, ‘डिले ऑन बिहाफ ऑफ ट्रान्स्पोर्टर’. ‘ट्रान्स्पोर्टरकडून उशीर झाला’ याचं हे भाषांतर. ‘ऑन बिहाफ ऑफ’ म्हणजे कुणाच्या तरी वतीने, त्याचा प्रतिनिधी म्हणून. त्यामुळे वाक्य असं सांगतं की ट्रान्स्पोर्टरच्या वतीने आम्हीच उशीर केला. इथे ‘ऑन द पार्ट ऑफ’ हवं. त्याहून सोपं म्हणजे ‘द ट्रान्स्पोर्टर वॉज लेट’ लिहून मोकळं व्हावं. आपल्या कार्यालयांत जड शब्दसमूहांचा सोस फार, आणि बऱ्याचदा घोटाळा त्या सोसातूनच होतो.

‘इन केस ऑफ धिस पार्ट, मशिनिंग इज नॉट रिक्वायर्ड’ हेही होतं. ‘या पार्टच्या बाबतीत’ म्हणायचं तर ‘इन द केस ऑफ’. ‘द’ गळला की अर्थ ‘असं झाल्यास’कडे झुकतो, जसं ‘इन केस ऑफ फायर’, आग लागल्यास. भारतात वाचणारा सावरून घेईल, परदेशातला थबकेल. ‘इन व्ह्यू ऑफ इंप्रूव्हिंग क्वालिटी’ हे त्याच घरातलं: ‘दर्जा सुधारण्याच्या दृष्टीने’ला ‘विथ अ व्ह्यू टू इंप्रूव्हिंग’ लागतं, आणि ‘इन व्ह्यू ऑफ’ म्हणजे ‘हे पाहता’.

एका जोडीत मात्र मुलगा अजिबात चुकत नव्हता. ‘ऑन टाइम’ आणि ‘इन टाइम’. कारण विचारल्यावर म्हणाला, ‘वेळेवर आणि वेळेत, मॅडम. वर म्हणजे ऑन, त म्हणजे इन.’ इथे शाळेतलं समीकरण बरोबर बसतं. ‘वेळेवर’ म्हणजे ठरल्या वेळी, ‘वेळेत’ म्हणजे उशीर होण्याआधी. समीकरण कधी साथ देतं आणि कधी दगा देतं हे आधी कळत नाही, आणि म्हणूनच त्यावर विसंबता येत नाही.

काय केलं, काय चाललं नाही

मालकांनी माझ्याआधीच एक उपाय करून ठेवला होता. इंग्रजी शब्दसमूह आणि त्यांचे मराठी अर्थ असा मोठा तक्ता छापून भिंतीवर लावला होता. मुलाला तो बराचसा पाठही होता. तक्त्यात ‘टिल: पर्यंत’ आणि ‘बाय: पर्यंत’ या दोन्ही नोंदी होत्या, एकाखाली एक! ज्याला फरक कळत नाही त्याला ही नोंद काही सांगत नाही. तक्ता मी उतरवायला लावला.

त्याजागी आम्ही एक सवय लावून घेतली. ज्या वाक्यात तारीख, मुदत किंवा टक्केवारी आहे, ते आधी मनात पूर्ण मराठीत म्हणायचं, आणि क्रियापदावर जोर द्यायचा. तयार ‘होईल’ की तयार ‘राहील’? पैसे ‘येतील’ की ऑफर ‘चालू राहील’? वाक्यात ‘त्याआधी कधीही’ हे शब्द घालून बघायचे. बसले तर ‘बाय’. ‘सलग तोवर’ घालून बघायचे. बसले तर ‘अन्टिल’. मुलाला हे लवकर जमलं, कारण त्याला यात नवं इंग्रजी शिकायचं नव्हतं, स्वतःची मराठी ऐकायची होती.

नकारार्थी वाक्यांवर आम्ही सगळ्यांत जास्त वेळ घालवला, कारण तिथे मराठीसुद्धा दगा देते. ‘वीस तारखेपर्यंत माल निघणार नाही’ याचे दोन अर्थ होतात. एक, वीसच्या आत निघणार नाही, पण वीसला निघेल. दोन, वीसची मुदत पाळली जाणार नाही, त्यानंतर केव्हा ते माहीत नाही. पहिल्याला ‘विल नॉट बी डिस्पॅच्ड अन्टिल ट्वेंटिएथ’, दुसऱ्याला ‘विल नॉट बी डिस्पॅच्ड बाय ट्वेंटिएथ’. एक ग्राहकाला तारीख देतं, दुसरं तारीख काढून घेतं. काकांनी यावर बराच विचार करून विचारलं, ‘मग असलं वाक्य लिहायचंच कशाला? माल कधी निघंल ते लिवावं.’ याहून चांगला नियम मला सुचला नसता. टेबलावर तोच लागू झाला: तारखेचं वाक्य नकारात लिहायचं नाही.

मुदतीसाठी आम्ही ‘बाय’ऐवजी ‘ऑन ऑर बिफोर’ ठरवलं. ‘बाय ट्वेंटिएथ’मध्ये वीस तारीख धरायची की नाही यावर कुणी वाद घालू शकतो, ‘वीसला किंवा त्याआधी’वर वाद होत नाही. माल उचलण्याच्या काळासाठी ‘अव्हेलेबल फॉर कलेक्शन फ्रॉम’ अमुक ‘टू’ तमुक, ‘बोथ डेट्स इन्क्लुडेड’. लांबलचक आहे, पण ट्रेलरच्या बिलापुढे काहीच नाही.

असल्या बारकाईला काका सुरुवातीला ‘मास्तरांचं काम’ म्हणाले. तेव्हा मी त्यांना बँकेच्या कागदाकडे नेलं, कारण लेटर ऑफ क्रेडिटची, म्हणजे ठरलेली कागदपत्रं दिली की पैसे देण्याच्या बँकेच्या हमीची, फाइल तेच सांभाळतात. लेटर ऑफ क्रेडिटचे व्यवहार ज्या नियमांनी चालतात, ते पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाचे यूसीपी ६०० हे नियम १ जुलै २००७ पासून लागू आहेत. त्यांच्या तिसऱ्या कलमात चक्क या छोट्या शब्दांचे अर्थ बांधून दिलेत. माल जहाजावर चढवण्याचा काळ सांगताना ‘टू’, ‘अन्टिल’, ‘टिल’, ‘फ्रॉम’ आणि ‘बिट्वीन’ आले तर दिलेली तारीख धरायची. ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ आले तर धरायची नाही. पैसे कधी द्यायचे ती तारीख मोजताना मात्र ‘फ्रॉम’मध्येही दिलेली तारीख धरत नाहीत. ‘ऑन ऑर अबाउट’ म्हणजे त्या तारखेच्या पाच दिवस आधीपासून पाच दिवस नंतरपर्यंत, दोन्ही टोकं धरून. आपल्याकडच्या, कायद्यांतल्या शब्दांचे अर्थ ठरवणाऱ्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टच्या नवव्या कलमातही असेच अर्थ बांधून दिलेत, फक्त ‘फ्रॉम’चा नियम जहाजावर चढवण्याच्या काळाच्या नियमाहून वेगळा आहे: ‘फ्रॉम’ वापरलं की पहिला दिवस वगळला जातो, ‘टू’ वापरलं की शेवटचा दिवस धरला जातो.

काकांनी ते कलम शांतपणे वाचलं आणि फाइलमधल्या चालू लेटर ऑफ क्रेडिटवर बोट ठेवलं. ‘शिपमेंट आफ्टर फिफ्टीन्थ जून’ असं त्यात होतं. पंधरालाच माल चढवायचं चाललं होतं. त्यांनी लगेच फोन उचलून फॉरवर्डरला सोळाचं किंवा त्यानंतरचं जहाज बघायला सांगितलं. त्या दिवसापासून ‘मास्तरांचं काम’ हा शब्द पुन्हा ऐकू आला नाही.

आज टेबल कुठे आहे

तारखेची वाक्यं आता बिनघोर जातात. मेल निघण्याआधी एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने त्याचा अर्थ मराठीत मोठ्याने सांगायचा, असा रिवाज आहे. इंग्रजी मोठ्याने वाचून काही कळत नाही, हे त्या ‘बरोबर’ वाक्याने दाखवलंच होतं. ‘टू’ आणि ‘बाय’चा प्रश्न टक्केवारीपुढे कंसात दोन्ही आकडे देऊन मिटवला: आधी किती, आता किती. पहिल्या गठ्ठ्यातलं ‘डिस्कस अबाउट’ अजून अधूनमधून दिसतं. मी ते सुधारते, पण त्यासाठी कुणाला थांबवत नाही.

फोनवरचं बोलणं अजून कच्चं आहे. समोरचा घाईत असतो, मुलगा ‘इन टू वीक्स’ बोलून जातो आणि फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात येतं. म्हणून प्रत्येक फोननंतर त्याच दिवशी एक छोटा मेल जातो, त्यात फक्त कबूल केलेल्या तारखा असतात, प्रत्येकीआधी ‘ऑन ऑर बिफोर’. इंग्लंडच्या त्या ग्राहकाने दुसरी ऑर्डर दिली तेव्हा त्यानेही आपल्या पर्चेस ऑर्डरमध्ये तेच शब्द वापरले होते.